सा, प आणि शेजारी

भिंतीला कान असतात म्हणे. माझ्या भिंतीला तोंड आहे आणि ते रोज संध्याकाळी उघडतं. पलीकडे शेजाऱ्यांच्या गॅरेजात चार पोरं पॉप-पंक वाजवतात, म्हणजे गोड चालीचं पण धडाधड बडवलेलं रॉक संगीत. तक्रार करायला गेलं की ती इतिहास काढतात, म्हणून झक मारत मलाही तो वाचावा लागला.

हा उपद्रव उपनगरांनीच जगाला दिलाय. रामोन्स हा बँड 1974 साली जमला तो न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सच्या फॉरेस्ट हिल्स या सभ्य, मध्यमवर्गीय वस्तीत. ब्लिंक-182 हा बँड निघाला सॅन दिएगोजवळच्या पाउवेत, 1992 साली. कारण उघड आहे. शहरात जायला जागा असतात, खेड्यात हाताला काम असतं. उपनगरात गॅरेज असतं, त्यातली गाडी बाबा कामावर घेऊन गेलेले असतात आणि शाळा सुटल्यापासून जेवणापर्यंत काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं.

रामोन्सच्या 1976 च्या पहिल्या अल्बमात 14 गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्ध्या तासात आटपतात. हे वाचून मी हुरळलो होतो. पण दोन मिनिटांचं गाणं बसवायला अख्खी संध्याकाळ लागते, हे अल्बमच्या वेष्टणावर छापत नाहीत.

यांचं सगळं संगीत पॉवर कॉर्डवर उभं आहे. पॉवर कॉर्ड म्हणजे सा आणि प. गंधार हद्दपार. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणं, लावलं की गंधाराचा चिखल होतो, म्हणून तो काढूनच टाकतात. आता सा-प तर तंबोऱ्यातही असतात. पण तंबोरा गवयाच्या मागे गुमान बसतो, इथे तोच पुढे येऊन बोकांडी बसलाय. गायक नाकात गातो. प्रत्येक गाण्यात त्याला हे गाव कायमचं सोडून जायचं असतं. या मुद्द्यावर मी त्याच्याशी शंभर टक्के सहमत आहे.

मध्यंतरी बँडच्या नावावरून भांडण पेटलं आणि चार दिवस शांतता लाभली. ब्लिंकला आयर्लंडमधल्या त्याच नावाच्या बँडमुळे शेपटीला 182 जोडावे लागले. कॅनडातल्या एजॅक्स या उपनगरातल्या पोरांनी उन्हाळी सुट्टीच्या 41 व्या दिवसावरून सम 41 हे नाव घेतलं. आमच्या पोरांनाही आकडा हवा होता, पण कुठला यावर एकमत होईना. मला त्यांच्यासाठी बरीच नावं सुचली होती. त्यांत आकडा एकही नव्हता.

शेवटी मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "वहिनी, पोरांच्या अभ्यासाचं काय?"

"अहो भाऊजी, डिसेंडंट्स बँडचा तो माइलो ऑकरमन बँड सोडून कॉलेजात गेला, तर बँडनं 1982 च्या अल्बमला 'माइलो गोज टू कॉलेज' हेच नाव दिलं. पुढे जीवशास्त्रात पीएचडी झाला तो! ऑफस्प्रिंग बँडच्या डेक्स्टर हॉलंडनं तर 2017 मध्ये रेणवीय जीवशास्त्रात केली, तीही बँड चालू ठेवून."

पोरानं आईला पढवून ठेवलं होतं. आता ती माउली ढोल वाजायला लागला की मुलगा डॉक्टरेटच्या वाटेवर आहे असं समजते.

उरली आशा करारावर. बर्कलीतल्या 924 गिलमन या अड्ड्याचा दंडक होता की मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या बँडला तिथे वाजवू द्यायचं नाही. ग्रीन डे तिथलीच पोरं. 1993 साली मोठ्या कंपनीशी करार केला तसं त्यांनाही दार बंद झालं. मग पुढच्या वर्षीचा त्यांचा अल्बम नुसत्या अमेरिकेत कोटीच्या वर खपला, ते सोडा. पंकवाल्यांत याला 'विकले गेले' म्हणतात, शिवी म्हणून. मी मात्र आमच्या पोरांना कुणी विकत घेतंय का याची डोळ्यांत तेल घालून वाट बघतोय.

तसा बँड वर चढतोय. एका कार्यक्रमात चौथ्या नंबरावर वाजवून आले, आणि टाळ्या वाजवणारे सगळेच काही नातेवाईक नव्हते म्हणे. तेवढ्यात ड्रमवाल्याला परगावी प्रवेश मिळाला. मी पेढे वाटण्याच्या बेतात होतो, तर नवीन ड्रमवाल्याच्या चाचण्या सुरू. तेच गाणं, तोच ठेका, दर वेळी वेगळा हात.

काल चाचण्या संपल्यावर दारावर टकटक झाली. चौघांतले उरलेले तिघे उभे होते.

"काका, तुम्ही सगळं ऐकलंच असेल. पहिला घ्यावा की तिसरा?"

"पहिला," मी म्हणालो. "तिसऱ्याची लय पळते."