नाव बदलायचंय? मग आधी शहर व्हा

मुलगी म्हणून ठेवलेलं नाव टाकून मुलाचं नाव घ्यायचं पक्कं ठरलं असेल, तर माझा पहिला सल्ला: शक्यतो शहर व्हा. आपलं नाशिकच बघा. मुघलांनी त्याचं गुलशनाबाद केलं, पेशवाईत ते परत नाशिक झालं. ‘पण तुझं खरं नाव कोणतं?’ असं त्याला कुणी खिडकीवर उभं करून विचारलं नाही. शेजारच्या औरंगाबादचं 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं 2024 मध्ये अहिल्यानगर. चुकून जुनं नाव तोंडातून गेलं की काका भर पंगतीत दुरुस्त करतात. तेच काका तुम्हाला मात्र म्हणतील, ‘इतक्या वर्षांची सवय आहे गं... म्हणजे, रे.’

शहर होणं जमत नसेल तर नवरी व्हा. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं नाव कोरायचं, करवल्यांनी खिदळायचं, झालं! कालची सुनीता आज माधुरी. प्रतिज्ञापत्र नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही. (पुष्कळदा सुनीतालाही विचारलेलं नसतं, पण तिथं कुणाची संस्कृती बुडत नाही.) संन्यासही वाईट नाही. सिंहस्थात दीक्षा घ्या. नाव, गाव, बाप सगळं सुटतं आणि वर लोक पाया पडतात.

यातलं काहीच झेपलं नाही, तर राहिला कायदा. घाबरू नका, निदान 2020 पर्यंत तरी कागदावर तो फार प्रेमळ होता. आपली लिंगओळख ज्याची त्यानं ठरवावी, असं सुप्रीम कोर्टानं 2014 साली नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या कायद्यानं ओळखपत्र देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं, आणि 2020 च्या नियमांनी त्यासाठी 30 दिवसांची मुदत घातली. हे सगळं छापून फाइलला लावा. कुणी वाचणार नाही, पण फाइल जाड दिसते.

मग राजपत्र, म्हणजे सरकारी गॅझेट. त्यात जुनं नाव, नवं नाव शेजारी शेजारी छापून येतं. कारण विचारलं तर खरं सांगून लोकांना कोड्यात टाकू नका. ज्योतिषानं नावात एक जादा ‘ए’ घालायला सांगितला म्हणालात, की आख्खं ऑफिस समजूतदारपणे मान डोलावेल. मधल्या नावाला मात्र हात लावू नका. ज्या वडिलांनी तुमचा फोन उचलणं सोडलं, ते तुमच्या प्रत्येक कागदावर तुमच्या आणि आडनावाच्या मधोमध ठाण मांडून बसणार. मराठी माणसाला बापाशिवाय फॉर्म भरता येत नाही.

राजपत्र मिळालं की बँक, कॉलेज, जिथं कुठं काम असेल तिथल्या खिडकीवर जा. खिडकीतला माणूस फोटो बघेल, तुम्हाला बघेल, परत फोटो बघेल. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसेल. मग रांगेतल्या शेवटच्या आजोबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं जुनं नाव पुकारेल. तुम्ही पुढे व्हा.

‘तुम्ही नाही हो. ते कुठायत?’

‘मीच ते.’

‘त्यांनाच घेऊन या ना. सही त्यांचीच लागते.’

इथं रडू नका, हसूही नका. दोन्हीचा अर्थ ‘नाटकं करतात’ असा लावला जातो. राजपत्र पुढे सरकवा. तो ते उलटसुलट करून बघेल आणि म्हणेल, ‘तसे वाटत नाही हो तुम्ही.’ ही स्तुती आहे, घरी जाऊन आठवायला ठेवा. काम होईलच असं नाही.

पासपोर्टची घाई करू नका. देशाच्या पासपोर्टच्या पुस्तिका आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात, हा अभिमान तूर्त पुरे. कोऱ्या असतात तोवर त्यांच्याबद्दल कुणाची काही तक्रार नसते.

आणि साहेब सिंहस्थाच्या मीटिंगला गेलेत असं कळलं, तर वाद न घालता सोमवारी या. फक्त गेटवरच्या रजिस्टरमध्ये कोणतं नाव लिहायचं, ते वॉचमनला आधी विचारून घ्या.