काठीतल्या अंड्यांचा प्रवास उलटा करू नका

‘रेशीम भारताचं, चीनने ते चोरलं’ हा मजकूर पंधरा दिवस व्हॉट्सॲपवर फिरतोय. दोनदा आला, सोडून दिला. काल तोच माझ्या भाच्याच्या सातवीच्या प्रकल्पवहीत सुवाच्य अक्षरात उतरलेला दिसला. आता गप्प बसवत नाही.

कळस म्हणजे ही गोष्ट: सहाव्या शतकात भिक्षूंनी पोकळ काठीत लपवून रेशीमकिड्यांची अंडी भारतातून चीनला पळवली. अहो, ती अंडी निघाली पश्चिमेकडे! इ.स. ५५२ च्या सुमारास भिक्षूंनी ती बायझँटाइन म्हणजे पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनकडे पोचवली, असं त्याच काळातला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. चीनला ती पळवायची गरजच काय होती? १९७२ साली हुनान प्रांतात मावांगदुईला एका सरदारपत्नीची कबर उघडली, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. म्हणजे या भिक्षूंच्या सातशे वर्षं आधीची. त्यात लांब बाह्यांचा, आरपार दिसणारा रेशमी झगा निघाला. वजन ४९ ग्रॅम. कोंबडीचं एक अंडं साधारण एवढंच भरतं.

‘हडप्पात रेशीम सापडलं.’ हो, सापडलं, हे मान्य करावंच लागेल. हडप्पा आणि चन्हुदडो या सिंधू संस्कृतीच्या ठिकाणांचे धागे तपासून २००९ मध्ये तसा शोधनिबंध आला. पण ते धागे रानकिड्यांचे आहेत, आपल्या टसरच्या कुळातले. चिनी रेशीम ज्याचं, त्या तुतीवर पोसलेल्या किड्याचे नव्हेत, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गाळलंय. तुतीचा किडा चीनमधल्या रानटी जातीपासून माणसाने घडवला, हे जनुकांवरून दिसतं. तो कुणी पाळलेला एकदा बघा. कोषातून निघालेल्या पाखराला पंख असतात, पण उडता येत नाही. जागच्या जागी फडफडतं, अंडी घालतं, मरतं. अळीला पाला हातानेच घालावा लागतो. असा परावलंबी जीव घडायला पिढ्यान्‌पिढ्या लागतात.

चहाच्या पेल्यात कोष पडला आणि चिनी राणी लेइझूला धागा सापडला, ही दंतकथाच आहे, कबूल. पण चीनचा दावा तिच्यावर उभा नाही. झेजियांगमध्ये च्यानशानयांगला निघालेलं रेशमी कापड चार हजार वर्षांहून जुनं आहे.

‘आपल्या ग्रंथांत चिनी रेशमाचं नावही नाही’ हे तर सरळ खोटं. कौटिल्याचं अर्थशास्त्र काढा, दुसरं अधिकरण, अकरावा अध्याय: ‘कौशेयं चीनपट्टाश्च चीनभूमिजाः’. चीनच्या भूमीतलं, असं कौटिल्यच स्पष्ट लिहितो. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही.

भाच्याने विचारलं, “मग आपलं काहीच नाही का?” आहे की. नेवाशाच्या उत्खननात लहान मुलाच्या गळ्यातली तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्या दोऱ्यात सुताबरोबर रेशीम होतं. जुनं पान फाडून तो आता नेवाशाचं लिहितोय.