स्पष्ट फोटो म्हणजे पक्ष्याची ओळख नव्हे

थंडीचे पाहुणे पक्षी कोकणच्या किनाऱ्यावर उतरू लागले की समाजमाध्यमांवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा, की पक्षी ओळखण्यासाठी आता अभ्यासाची गरज उरलेली नाही. जमेल तितके जवळ जाऊन एक स्पष्ट फोटो काढावा, रंग नीट आला की ॲप नाव सांगते. पक्षी आडोशाला असेल तर मोबाइलवर त्याचा आवाज वाजवावा. थवा उडालाच तर पुन्हा बसतो, त्याचे काही बिघडत नाही. नव्याने कॅमेरा घेतलेली मंडळी हा सल्ला मनापासून पाळतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी रंगाचे पाहू. समुद्र बगळा काळसर-करडा असतो, तसाच पांढराशुभ्रही असतो, आणि पांढरा असला की तो सर्रास लहान बगळा म्हणून नोंदला जातो. एरवी लहान बगळ्याची चोच बारीक आणि काळी असते, तर समुद्र बगळ्याची जाड आणि पिवळसर-तपकिरी असते. पण सकाळच्या उन्हात पांढरा पक्षी जास्त उजळ टिपला गेला की नेमका हाच तपशील फोटोतून पुसला जातो. कुरवांमध्ये, म्हणजे सीगल पक्ष्यांमध्ये, तर नावातला रंगच हिवाळ्यात नाहीसा होतो. तपकिरी डोक्याचा कुरव आणि काळ्या डोक्याचा कुरव या दोघांचेही डोके त्या दिवसांत पांढरे असते आणि कानाजवळ एक गडद ठिपका तेवढा उरतो. तेव्हा पाहावे लागते ते पंखांच्या टोकांवरील काळ्या-पांढऱ्या रंगाच्या मांडणीकडे आणि प्रौढ पक्ष्याची बुबुळे फिकट आहेत की गडद, याकडे.

स्पष्ट फोटोवरून ॲप अचूक नाव देते, हा दावा वाळूचिखल्यांपाशी, म्हणजे किनाऱ्यावरच्या या लहान पक्ष्यांपाशी, पुरता कोलमडतो. तिबेटी वाळूचिखल्या आणि मोठा वाळूचिखल्या हिवाळ्यात सारखेच मातकट दिसतात. फरक मुख्यतः चोचीची लांबी, पायांची लांबी आणि एकूण ठेवण यांत असतो. पक्षी कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असेल तर फोटोत चोच आखूड दिसते, आणि ओल्या पुळणीत पाय रुतलेले असतील तर त्यांची लांबी कळतच नाही. फोटो कितीही सुस्पष्ट असला तरी जे त्यात आलेलेच नाही ते ॲपने कोठून पाहावे? ॲप मला उपयुक्त वाटते, पण त्याने दिलेले नाव ही तपासून घ्यायची शक्यता असते. बाजूने, चालताना आणि उडताना घेतलेले साधेसे फोटो येथे अधिक उपयोगी पडतात, आणि तरीही खात्री नसेल तर ‘वाळूचिखल्या’ एवढीच नोंद करणे योग्य.

थवा पुन्हा बसतो हे खरे आहे, पण त्याचे काही बिघडत नाही हे खरे नाही. हे पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात खातात आणि भरतीला किनाऱ्याच्या उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवर विसावतात. त्या वेळी त्यांना उठवले तर जायला दुसरी जागा फारशी नसते. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडील प्रवासासाठी अंगात चरबी साठवली जात असताना असे प्रत्येक उड्डाण त्या साठ्यातूनच भागवले जाते.

जंगलातील प्रकार मला अधिक क्लेश देतो. तिबोटी खंड्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्ले वाढवतो. चोचीत सापसुरळी धरून फांदीवर बसलेल्या खंड्याचा फोटो सर्वांना हवा असतो. पण बिळासमोर माणसे दाटून उभी असली की तो पक्षी तेथे अडकून पडलेला असतो आणि सापसुरळी पिल्लांपर्यंत पोहोचत नाही. आवाज वाजवण्याचेही तसेच आहे: विणीच्या काळात नराला तो प्रतिस्पर्धी वाटतो आणि हातचे काम सोडून तो हद्द राखायला धावतो.

जवळचा फोटो हवाच असेल, तर भरती चढू लागण्याआधी किनाऱ्यावर थव्यापासून दूर एका जागी खाली बसावे आणि हालचाल करू नये. पाणी वर सरकते तसे चिखले आणि तुतारी हे किनाऱ्यावरचे लहान पक्षी खात खात आपणहून पुढे येतात. ते मान उंचावून खाणे थांबवू लागले, की आणखी पुढे सरकू नये.