‘जळण्यापेक्षा लग्न बरं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांमधलं लग्न आणि कौमार्य यावरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा मोठं देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी लग्नाला पापच मानलं, ‘पुरुषाने स्त्रीला शिवू नये हे बरं’ असं पौलानेच (ज्याची पत्रं बायबलच्या नव्या करारात आहेत तो ख्रिस्ती प्रचारक) लिहून ठेवलंय, कौमार्याचं सगळं कौतुक हा स्त्रीद्वेष आहे, आणि मी स्वतः ख्रिस्ती असल्यामुळे त्यावर पांघरूण घालते. शिवाय निकायाच्या परिषदेबद्दल (चौथ्या शतकातली बिशपांची मोठी सभा) माझी एक चूक दाखवलीत. तिच्याकडे शेवटी येते.

आधी पौल. ते वाक्य सुरू होतं ‘आता तुम्ही लिहिलेल्या गोष्टींविषयी’ असं. करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने त्याला काही प्रश्न लिहून पाठवले होते. ‘शिवू नये’ हे शब्द त्यांच्याच पत्रातले असावेत असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं, कारण पुढच्याच ओळीपासून पौल त्या म्हणण्याला मुरड घालतो. बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार आहे, असं तो लिहितो. रोमन जगात याचं कुणाला नवल वाटलं नसतं. पण लगेच तो तेच वाक्य उलटं फिरवतो: नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा अधिकार आहे. पहिल्या शतकात, इ.स. ५०च्या दशकात! एकमेकांपासून दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने, प्रार्थनेसाठी, थोडे दिवस. त्याला स्वतःला एकटं राहणं जास्त पसंत होतं यात शंका नाही, कारण जगाचा अंत जवळ आलाय, काळ थोडा उरलाय असं तो मानत होता. पण कुमारिकांविषयी प्रभूची आज्ञा माझ्यापाशी नाही, मी फक्त मत देतो, हेही त्यानेच लिहिलंय. ‘जळण्यापेक्षा लग्न बरं’ (वासनेने जळण्यापेक्षा) या त्याच्या वाक्यात लग्नाचा फारसा मान नाही, हे मात्र मान्य.

आणखी एक. आपण ‘ब्रह्मचर्य’ म्हटलं की मनात आश्रमव्यवस्था येते, गृहस्थाश्रमाच्या आधीची पायरी. इथे तसं नव्हतं. हे कौमार्य आयुष्यभराचं होतं, आणि मुलीने ते स्वीकारलं म्हणजे घरच्यांनी ठरवलेलं लग्न तिने मोडलं.

म्हणूनच मला थेक्लाची कथा महत्त्वाची वाटते. दुसऱ्या शतकातली. इकुन्या गावात पौल शेजारच्या घरात बोलतोय आणि ही वाग्दत्त मुलगी तीन दिवस, तीन रात्री खिडकीपासून हलत नाही. आई तिच्या होणाऱ्या नवऱ्याला सांगते, कोळ्यासारखी खिडकीला चिकटून बसलीय. पौल तुरुंगात पडतो तेव्हा थेक्ला रात्री दारवानाला हातातली कांकणं देते, तुरुंगरक्षकाला चांदीचा आरसा देते, आणि आत जाऊन पौलाच्या पायाशी बसते. नवरीचे दागिने ती लग्नातून सुटायला खर्च करते! पुढे ‘हिला जाळा’ असं ओरडते ती तिची आईच. हा इतिहास नाही, मला ठाऊक आहे. पौलावरच्या प्रेमापोटी आशियातल्या एका धर्मगुरूने ती रचली आणि त्याला पद सोडावं लागलं, असं टर्टुलियन हा जुना ख्रिस्ती लेखक सांगतो. पण टर्टुलियनची खरी तक्रार वेगळी होती: स्त्रिया थेक्लाचा दाखला देऊन शिकवण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा हक्क मागत होत्या. रोमन कायद्यात मुलीच्या लग्नाचं किमान वय बारा होतं. बाराव्या वर्षी सासरी जाणाऱ्या मुलीला ‘नाही म्हणता येतं’ हे सांगणारी कथा स्त्रीद्वेषाची आहे, हे मला मान्य नाही.

चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विद्वान जेरोम लग्नाला तुच्छ लेखतो, याबाबत मात्र तुम्ही अगदी बरोबर आहात, आणि मी त्याला फार सौम्यपणे घेतलं. जोव्हिनियन नावाचा संन्यासी रोममध्ये सांगत होता की बाप्तिस्मा घेतलेली कुमारिका, विधवा आणि विवाहिता यांची देवापुढची योग्यता सारखीच. त्याला रोममध्ये पोप सिरिसियसने आणि मिलानमध्ये तिथला बिशप अँब्रोज याने दोषी ठरवलं. इ.स. ३९३च्या सुमारास जेरोमने त्याच्याविरुद्ध दोन भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की येशूचा शिष्य पेत्र याने लग्नाचा मळ हौतात्म्याच्या रक्ताने धुतला. ज्या पेत्राच्या सासूचा ताप येशूने उतरवला, त्या पेत्राबद्दल! हे वाचताना आजही माझं मन विटतं. पण तेव्हाच्या ख्रिस्ती लोकांनाही ते सोसलं नाही. जेरोमचा मित्र पामाखियस त्या ग्रंथाच्या प्रती परत गोळा करायला धावला होता. त्याच्या दोनेकशे वर्षं आधी अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाने लग्नाची बाजू घेत पेत्राला मुलं होती याची आठवण दिली होती. आणि चौथ्या शतकात गांग्राच्या धर्मसभेने विवाहित धर्मगुरूच्या हातून प्रभुभोजन घ्यायला नकार देणाऱ्यांनाच शाप दिला. जोव्हिनियनचं स्वतःचं लिखाण उरलं नाही, त्याचे शब्द आपल्याला जेरोमच्या शिव्यांमधून वेचावे लागतात. याचं मला खरंच दुःख आहे.

आता माझी चूक. इजिप्तचा बिशप पाफ्नूशियस, स्वतः अविवाहित असून, ३२५च्या निकाया परिषदेत धर्मगुरूंच्या बायकांच्या बाजूने उभा राहिला, असं मी घडलेली गोष्ट म्हणून लिहिलं होतं. ही हकिकत इ.स. पाचव्या शतकातल्या सॉक्रेटिस या इतिहासकाराकडून (तत्त्वज्ञ सॉक्रेटिस नव्हे) येते, म्हणजे शंभरेक वर्षांनंतर, आणि अनेक अभ्यासक ती खरी मानत नाहीत. मला ती फार आवडते, म्हणून मी तपासली नाही. मूळ लेखातला तो परिच्छेद आज बदललाय, आणि चूक तुम्ही दाखवलीत असं खाली नोंदवलंय.