एकाच्या जागी दोघं लागतीन

आज डोकं फिरलेलं आहे, म्हणून पोस्ट लांबणार. ज्यांना माझ्याकडून फक्त कापसाचा भाव वाचायचा असतो त्यांनी पुढे सरका, भाव उद्या टाकतो.

पुतण्या दिवाळीला आला आहे. हिंजवडीत नोकरी करतो. पोरगं गुणी आहे, वावरात नेलं तर ओटी बांधून वेचायलाही लागतं, त्यात वाद नाही. सकाळी ओट्यावर चहा पिताना मी मोबाइलवर इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड लावला होता. 'तू है', २०२३ चा अल्बम. तर हा म्हणतो, "काका, तुम्ही अजून यांनाच ऐकता? असीम गेला, मग सुस्मितही सोडून गेला, तेव्हाच बँड संपला ना. ओरिजिनल लाइनअपच राहिली नाही. आता नावावर दुकान चालू आहे."

यांची 'कंदिसा' ही कॅसेट आली २००० साली. तेव्हा या पोट्ट्याला दात येत होते. आणि हा मला सांगतो संपला म्हणून!

मी काही बोललो नाही. चहा संपवला, बैलांना कुटार टाकलं, तुरीत चक्कर मारून आलो. राग काही गेला नाही. आता रात्री लिहायला बसलो आहे.

ही गोष्ट माझ्या जवळच्यांनी दहा वेळा ऐकली असेल, अकराव्यांदा ऐका. २००१ चा जानेवारी. मी कॉलेजात. कापसाची बंडी घेऊन आम्ही बापलेक तालुक्याच्या खरेदी केंद्राबाहेर रांगेत होतो. दोन रात्री. पुढे किती बंड्या आहेत ते मोजणं पहिल्याच संध्याकाळी सोडून दिलं. थंडी अशी, की बैलांच्या अंगावर आमच्यापेक्षा जाड पोतं. माझ्याजवळ मित्राचा वॉकमन होता आणि नागपूरहून कोणीतरी भरून आणलेली कॅसेट. कव्हर नाही, नुसतं निळ्या पेनानं 'कंदिसा' लिहिलेलं. मी कापसात कमरेपर्यंत रुतून ऐकत होतो. बाबांनी विचारलं, "काय ऐकून राह्यला रे एवढं?" मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला.

बाबा आमच्या गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे आणि गायचेही. तुकडोजी महाराजांची भजनं. त्यांच्या लहानपणी महाराज हयात होते, मोझरीला जाऊन त्यांनी महाराजांना खंजिरी वाजवताना प्रत्यक्ष पाहिलं होतं. त्यामुळे संगीतातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यांनी एक अख्खं गाणं ऐकलं. तिसरं की चौथं, आता आठवत नाही. बोटं बंडीच्या फळीवर चालली होती. मग म्हणाले,

"हा गाणारा आन् वाजवणारा एकच माणूस होय."

मी हसलो. "नाही बाबा, बँड हाय तो. चार जण असते."

"असू दे चार. गाताना जिथं दम घेते ना, तिथंच हात हलका पडते त्याचा. दोघं असते तं असं झालं नसतं."

मी अडाण्यात काढलं त्यांना. शिकलेला होतो ना मी! पुढे कितीतरी वर्षांनी तालुक्याच्या सायबर कॅफेत या बँडचा व्हिडिओ पाहिला. असीम चक्रवर्ती स्टेजवर मांडी घालून बसलेला, समोर तबला आणि बाकीची चर्मवाद्यं मांडलेली, दोन्ही हात चालू आणि तोंडानं गाणंही चालू. गाणारा आणि वाजवणारा एकच माणूस. कोणी म्हणेल स्टुडिओत आवाज वेगळा घेतात, वाद्य वेगळं घेतात, तुझ्या बाबांचा अंदाज योगायोगानं बरोबर आला. असेल. पण मला तो योगायोग पुरतो.

तर पुतण्यासाहेब, लाइनअप.

हा बँड १९९० साली दिल्लीत सुस्मित सेन आणि असीमनं सुरू केला. राहुल राम आला १९९१ ला, अमित किलम १९९४ ला. म्हणजे ज्या चौघांना तू 'ओरिजिनल' म्हणतोस ते चौघे १९९३ च्या पहिल्या अल्बममध्ये एकत्र नव्हतेच. तो अल्बम बराचसा शब्दांवाचूनचा. सुस्मितची गिटार पुढे आणि बाकी सगळे तिच्या मागे. मग 'डेझर्ट रेन', १ जानेवारी १९९७ ला पथनाट्यवाले सफदर हाश्मींच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात वाजवलेलं, तिथेच रेकॉर्ड झालेलं. उघड्यावरचं वाजवणं, त्यामुळे ऐकताना गर्दीची ऊब लागते. त्यात 'बोल वीव्हिल' नावाचं गाणं आहे. दिल्लीची माणसं कापसाच्या किडीवर गातात म्हणून मला एवढा आनंद झाला होता, की विचारू नका. नंतर कळलं, तो अमेरिकेतला बोंडं पोखरणारा भुंगा, आपल्याकडे तो नाहीच. आपल्याकडे बोंडअळी. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आमची अर्धी पऱ्हाटी खाल्ली तेव्हा मी ते गाणं लावून बसलो होतो. बायको म्हणाली, वेड लागलं का?

'कंदिसा'पर्यंत येता येता आवाज बदलला. गळा पुढे आला. नर्मदेच्या खोऱ्यातलं 'मा रेवा', गोरख पांडेंच्या कवितेवरचं 'हिल्ले ले', आणि कंदिसा हे तर केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांचं जुनं प्रार्थनागीत, अरामी भाषेतलं. तेव्हा त्यांच्या जुन्या भक्तांपैकी कोणी म्हणालंच असेल, आधी नुसतं वाजवायचे तेच बरं होतं, आता गायला काय लागले. असे लोक प्रत्येक गावात असतात. आमच्या भजनी मंडळात पेटी आली तेव्हाही होते. मग २००३ ला 'झीनी', त्यात कबीर. मग 'ब्लॅक फ्रायडे' सिनेमा, ज्यातलं 'बंदे' आमच्या गावातल्या पोरांनाही माहीत झालं. दर दोन-चार वर्षांनी हा बँड आधीचा आवाज सोडून पुढे जात होता, आणि ते सगळं त्या चौघांच्याच काळात होत होतं. तेव्हा कसं चाललं रे तुला?

राहुल रामबद्दल एक सांगायचं राहतं. बास वाजवणारा हा माणूस कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषांवर डॉक्टरेट करून आला आणि नर्मदा बचाओ आंदोलनात गेला. महाराष्ट्रातलं मणिबेली गाव नर्मदेवरच्या त्याच सरदार सरोवर धरणाखाली गेलं. आमच्या भंडाऱ्याकडे गोसीखुर्द धरणात जमीन गेलेले अजून कागद घेऊन हिंडतात, त्यामुळे 'मा रेवा' मला कधी नुसतं नदीचं गाणं म्हणून ऐकता आलं नाही. आणि विषांचं म्हणाल तर २०१७ लाच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं मेली. अशा विषयात डॉक्टर झालेला माणूस गाणं म्हणतो, तर मी त्याचं गाणं थोडं जास्त लक्ष देऊन ऐकतो. यात तर्क नाही. असू दे.

आता असीम. २५ डिसेंबर २००९. मला तीन-चार दिवसांनी कळलं. बाबा तुरीच्या वावरात होते. मी म्हटलं, बाबा, तो गेला.

"कोन?"

"बंडीवर ऐकला होता तो. गाणारा-वाजवणारा."

विळा खाली ठेवला त्यांनी. "किती वर्साचा होता?"

"बावन्न."

"लहान होता," म्हणाले. थोडा वेळ तसेच बसले. मग एकदम, जसं काही घरचं काम ठरवायचं आहे तसं: "आता त्याच्या जागी दोघं लागतीन. गाणारा येगळा, वाजवणारा येगळा."

आणि दोघंच लागले! तबल्याला तुहीन चक्रवर्ती, गायला हिमांशू जोशी. बाबांना मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली फक्त, जसं काही त्यांना विचारूनच घेतले होते.

हे लिहिताना राग जरा उतरला आहे. पण थांबा, अजून आहे.

२०१० ला बँडनं काय केलं, तर असीमचा आवाज असलेली सात गाणी, दर महिन्याला एक, फुकट इंटरनेटवर टाकली. '१६/३३० खजूर रोड', करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते सराव करायचे त्याचा पत्ता. कंपनीच्या दारात उभं राहायचंच नाही, असं ठरवून टाकलं. मी दर महिन्याला पेनड्राइव्ह घेऊन तालुक्याला जायचो. बाबा म्हणाले, "फुकट देऊन राह्यले? काहून?" मी समजावलं, आपला माल आहे, आपण ठरवू कसा द्यायचा. तर म्हणाले, "फुकटात तं आपणही देतो बापा. फक्त आपल्याला मोजणी झाल्यावर समजते."

त्याच वर्षी 'पीपली लाइव्ह' आला. शेतकऱ्याच्या आत्महत्येवरचा सिनेमा आणि त्यात यांचं गाणं. आमच्याकडे २००६ ला पंतप्रधान येऊन गेलेले, त्याच्या आधी आणि नंतर कॅमेऱ्यांच्या गाड्या. शेजारच्या गावात एका घरी इतक्या वेळा माइक गेला, की त्या माउलीला तेच तेच वाक्य पाठ झालं होतं. सिनेमा मी पाहिला, हसलो, मग हसल्याची लाज वाटली. गाणं मात्र ठेवून दिलं. पुण्यामुंबईत कोणाला ते गाणं हलकं वाटलं असेल, उपरोधाचं आहे म्हणून. इथे उपरोध आम्ही रोज भाकरीसोबत खातो.

बरं, सुस्मितचं मान्य करतो. २०१३ ला तो गेला आणि ती गिटार गेली. तशी गिटार दुसरी नाही, सतारीच्या घरात वाढलेली वाटायची. निखिल रावची वेगळी बोलते, धार जास्त, ओलावा जरा कमी. मीही पहिल्यांदा ऐकून बंद केलं होतं. झालं समाधान?

पण वेगळी म्हणजे मेलेली होते का? २०१४ च्या 'तंदानू'मध्ये यांनी प्रत्येक गाण्याला एकेक पाहुणा घेतला. शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन, आणि दक्षिणेतला सेल्वागणेश. तो खंजिराच वाजवतो, आपल्या खंजिरीची तिकडची बहीण. एका माणसाचे दोन हात गेले, तर यांनी सगळ्या देशातून हात गोळा करून आणले. मला ते फार आवडलं. सगळी गाणी आवडली असं नाही, दोन-तीन मी पुढे ढकलतो. पण 'मसान'मध्ये २०१५ ला यांचंच संगीत आहे, आणि तो सिनेमा पाहून रडलेली अर्धी माणसं मला सांगत असतात की इंडियन ओशन आता राहिला नाही. अरे, मग तुम्ही कोणाच्या सुरावर रडलात?

अमित किलम गबगुबी वाजवतो, बंगालच्या बाऊलांचं वाद्य, आमच्या गोंधळ्यांच्या तुणतुण्याचं चुलत भावंड. तो अजून आहे. राहुल आहे. तीस वर्षं एका ठिकाणी. आमच्या सोसायटीचे संचालक तीस महिने एका पॅनलमध्ये राहत नाहीत.

बाबा गेले २०१६ ला. मंडळानं पहिले दोन गुरुवार प्रार्थना केली, भजन ठेवलं नाही. तिसऱ्या गुरुवारी बाबांची खंजिरी घरून मागून नेली. वाजवायला एक पोरगा बसला, गायला दुसरा. जमलं नाही. वाजवणारा पुढे पळे, गाणारा मागे राही. लोक गुमान टाळ्या वाजवत होते. मी घरी येऊन दार लावून घेतलं. मीही म्हटलंच असेल तेव्हा मनातल्या मनात, संपलं म्हणून. आता लिहिता लिहिता आठवलं. म्हणजे सकाळी पुतण्या जे बोलला ते मी आधी बोलून बसलेलो आहे, आणि तेही स्वतःच्या गावच्या मंडळाबद्दल.

आता ती पोरं चांगली वाजवतात. बाबांसारखी नाही. गाणारा दम घेतो तिथे खंजिरी हलकी पडत नाही, उलट तिथेच वाजवणारा दोन थापा जास्त घालतो, जागा भरून काढतो. बाबांना आवडलं असतं की नाही, माहीत नाही. शिवी घातली असती बहुतेक आणि मग ऐकत बसले असते.

पुतण्या शेजारच्या खोलीत आहे. मघाशी येऊन विचारून गेला, "काका, आजोबांनी बंडीवर ऐकलेलं गाणं कोणतं?" म्हटलं आठवत नाही, तिसरं की चौथं. आता त्यानं कंदिसा पहिल्यापासून लावली आहे, भिंतीतून ऐकू येते. चौथं चालू आहे.

बाराला थ्री फेज येते. हरभऱ्यात ओलीत आहे, मोटर लावायला जावं लागेल. हा म्हणतो मीही येतो. ये म्हटलं, पण बूट घाल. धुऱ्यावर साप असते.