गाळ कुणी काढायचा?

पुण्यातल्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर सध्या जुंपली आहे. काही मुलांनी एका गडावरच्या टाक्यातला गाळ श्रमदानाने उपसला आणि फोटो टाकले. पुरातत्त्व शिकलेल्या एका मैत्रिणीने विचारलं, "गाळात खापरं निघाली असतील, ती कुठायत?" उत्तर आलं, "गाळाबरोबर दरीत." मग काय! एक बाजू म्हणते, सरकार हलत नाही आणि आम्ही घाम गाळला तर कायदा दाखवता. दुसरी म्हणते, हौशी लोकांना गडांवर हात लावू देऊ नका.

मी न्यूकॅसलला राहते आणि गेल्या उन्हाळ्यात विंडोलांडाला खणायला गेले होते, म्हणून माझ्याकडेही निवाडा मागितला गेला.

विंडोलांडा हा उत्तर इंग्लंडमधला रोमन लष्करी तळ, रोमन सम्राट हेड्रियनने बांधून घेतलेल्या सरहद्दीच्या भिंतीच्या जरा दक्षिणेला. भिंतीचं काम इ.स. १२२ला सुरू झालं, तळ त्याही आधीचा. १९७०पासून एक धर्मादाय ट्रस्ट तो सांभाळतो आणि उन्हाळाभर खणण्याचं बरंचसं काम स्वयंसेवक करतात. जुना लाकडी किल्ला पाडायचा, वर चिकणमाती पसरायची आणि नवा बांधायचा, असं तिथे पुन्हा पुन्हा झालं. खालच्या थरांत हवा शिरली नाही, त्यामुळे कातडं, लाकूड, शाईसुद्धा टिकली. पाच हजारांच्या वर पादत्राणं मिळाली आहेत. १९७३पासून पातळ लाकडी ढलप्यांवर शाईने लिहिलेली पत्रं मिळू लागली. त्यांतल्या एकात क्लॉडिया सेव्हेरा नावाची बाई मैत्रिणीला वाढदिवसाला बोलावते आणि शेवटच्या ओळी स्वतःच्या हाताने लिहिते.

त्या थराला तबेल्यासारखा वास येतो. थापीखाली ओलं नेचं लागतं, उघडताना पिवळसर, बघता बघता काळं पडतं. माझ्याच्याने एक चपटी ढलपी बाजूला टाकली जाणार, तोच पर्यवेक्षकाने हात धरला. इथे प्रत्येक ढलपी पत्र असू शकते. ती साधी ढलपीच निघाली, तरी थराचा क्रमांक लिहिलेल्या पिशवीत गेली.

म्हणजे पदवी नसलेल्या माणसांकडून काम होतं, पण शेजारी जाणता माणूस लागतो. मैत्रिणीचं खापरांबद्दलचं म्हणणं सोळा आणे खरं. हौशींना हाकलून द्या, हे मात्र मला पटत नाही.

तरी विंडोलांडा जसंच्या तसं उचलून आणा, असंही मी म्हणणार नाही. तिथे खणायला आपणच पैसे भरायचे, राहण्याचा खर्च वेगळा. माझ्या आजूबाजूला बहुतेक निवृत्त, खाऊनपिऊन सुखी मंडळी. (त्यांतल्या एका मास्तरांना कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेल्या पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाच्या कांस्यमूर्तीबद्दल सांगितलं, तर फोटो पाहीपर्यंत विश्वास बसेना.) आपल्याकडे उत्खननात कुदळ-घमेलं बहुधा जवळच्या गावातल्या माणसांच्या हाती असतं, रोजंदारीवर. माती कुठे बदलली हे त्यांतल्या अनुभवी माणसाला बोटांनी कळतं. उद्या शहरातले लोक फी भरून खणू लागले, तर ही मजुरी पुरातत्त्व खात्याच्या हिशोबातून सगळ्यात आधी उडेल. म्हणून आपल्या मुलांनी चाळण धरावी, खापरं धुवावीत, नोंदी कराव्यात. खणणाऱ्याची मजुरी चालू राहावी.

२०२५मध्ये जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले. निधी आणि तज्ज्ञ आता तिकडेच वळणार. बाकीच्या शेकडो गडांना ही पोरंच वाली आहेत. मी ग्रुपवर लिहिलं, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे परवानगी मागा, त्यांचा माणूस मागा आणि तो येईपर्यंत गाळ तसाच राहू द्या, तिथे तो दरीपेक्षा सुरक्षित आहे.

एकाने लगेच विचारलं, "ताई, मग वरच्या वाडीतल्यांनी उन्हाळ्यात पाणी कुठून भरायचं?"

प्रश्न रास्त आहे. विंडोलांडाच्या पाण्यावाचून कुणाचं अडत नाही. जिथून अजून हंडे भरले जातात त्या टाक्यांचे अर्ज आधी करा, एवढंच मला सुचलं. त्यावर मैत्रिणीने चाळणीचं माप पाठवलंय.