कळसूबाईला चाललीयेस ना, मग एवढं ने

ट्रेकला जायचं ठरवणं एकदम सोप्पं असतं. फॉर्म भरायचा, पैसे पाठवायचे, ब्लड ग्रुप लिहायचा (हे तेवढं जरा अंगावर येतं) आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकायचा, झालं. त्याच्या पुढचं कोणी सांगत नाही. मी पहिल्याच फटक्यात कळसूबाई निवडलं, कारण महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर, म्हणजे एकदा केलं की जन्मभर सांगता येतं, आणि दुसरं म्हणजे पोस्टरवर ग्रेड लिहिली होती 'ईझी टू मॉडरेट'. प्रत्येक ऑफिसात एक ट्रेकर असतोच, लिफ्टसाठी उभा असला तरी पाठीला सॅक, तसा आमच्याकडेही आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं, बारी गावातून तीनेक तासांत वर. फक्त मध्ये लोखंडी शिड्या आहेत."

फक्त!

नवऱ्याने सोफ्यावर आडवं पडल्या पडल्या फोनवर हिशोब केला. "पुणंच मुळात 560 मीटरवर आहे. म्हणजे एक तृतीयांश कळसूबाई तू इथेच चढून बसलीयेस. उरलेल्यातलं पण थोडं बस चढवणार. तुला असं काय करायचंय?" आता या माणसाला आमच्या दुसऱ्या मजल्यावर यायला लिफ्ट लागते हा भाग वेगळा.

प्रॅक्टिस म्हणून पर्वतीला जायला लागले. पायऱ्या 103, म्हणजे म्हटलं तर काहीच नाही, पण अर्ध्यात मी कठड्याला टेकून 'व्यू बघत' उभी होते तर शेजारून नऊवारीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक आजी गेल्या, मग त्याच आजी उतरताना भेटल्या, मग परत चढताना भेटल्या आणि म्हणाल्या, "बसू नकोस बाळ, बसलीस की संपलं." नशीब माणसं गोड बोलून मारतात पुण्यात. एका आजोबांनी मात्र कामाचं सांगितलं, उतरताना गुडघे किंचित वाकवून ठेवायचे, पावलं छोटी टाकायची आणि पायाची नखं आदल्या दिवशी कापून जायचं, नाहीतर उतारावर बोटं बुटाच्या पुढच्या भागावर आपटून नखं काळी पडतात. चढण्यापेक्षा उतरणंच वाईट म्हणे. हे पण पोस्टरवर नव्हतं.

बुटांवरून तर ग्रुपवर दोन पक्ष पडले. एक पक्ष ॲक्शनच्या ट्रेकिंग शूजवाला, सह्याद्रीच्या दगडावर त्याच्या ग्रिपला तोड नाही म्हणणारा, आणि दुसरा सहा-सात हजारांच्या खाली बोलायलाच तयार नसलेला. मी स्वस्त पक्षात गेले. नवे बूट थेट ट्रेकला घातले तर फोड येतात म्हणून आधी घरात वापरून मऊ करायचे असं ग्रुपचं फर्मान. घरात बूट! सासूबाई देवघराच्या दारातच उभ्या राहिल्या. शेवटी तह असा झाला की बूट बाहेर गेलेलेच नाहीत, म्हणजे ते तांत्रिकदृष्ट्या मोजेच आहेत, फक्त स्वयंपाकघरात येताना तळवे पुसायचे. मग काय, ओट्यापाशी ट्रेकिंग शूज घालून पोळ्या लाटल्या मी. ग्रिप खरंच चांगली आहे, तेल सांडलं होतं तरी घसरले नाही.

शिड्यांची धास्ती मात्र जाईना. व्हिडिओत बघितलं तर दगडाला टेकवलेली लोखंडी शिडी, दोन्ही बाजूला रेलिंग, आणि खाली बघू नका असं सांगणारा माणूस स्वतः कॅमेरा खाली धरून शूट करतोय. म्हटलं घरच्या ॲल्युमिनियमच्या शिडीवर सवय करू. सासूबाई लगेच खालून शिडी धरायला आल्या, मला इतकं भरून आलं, आणि मी चौथ्या पायरीवर पोचले तशा म्हणाल्या, "चढलीच आहेस तर माळ्यावरचा तो पितळी डबा काढ गं." डब्यामागे चकलीचा सोऱ्या होता, सोऱ्यामागे जुने पडदे आणि त्याच्यामागे सासऱ्यांचा होल्डऑल, जो बघून सासरे म्हणाले की सॅकबिक कशाला, यात सगळं मावतं. दसरा नुकताच झाला होता आणि दिवाळी तोंडावर. माझी उंचीची भीती किती कमी झाली ते माहीत नाही, पण माळा आरशासारखा झाला.

आणि मग ती गोष्ट आली. लीडरने ग्रुपवर माहिती टाकली की कळसू नावाची कोळ्याची मुलगी डोंगराखालच्या एका घरात कामाला राहिली, अट एकच, भांडी घासायला आणि केर काढायला सांगायचं नाही. एक दिवस कोणीतरी सांगितलंच. तिने मुकाट्याने दोन्ही केलं आणि डोंगरावर जी निघून गेली ती परत आलीच नाही. मी हे जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. कोणी काही बोललं नाही. त्या रात्री नवऱ्याने स्वतःचं ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं. घासलं नाही, पण ठेवलं.

सासूबाईंनी त्यातून वेगळाच मुद्दा काढला. "म्हणजे वर देवी आहे? मग रिकाम्या हाताने कशी जाशील?" खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या अशी ओटी तयार. इथवर ठीक होतं, पण त्यांनी ते खाली बाकावर सांगितलं. संध्याकाळपासून बेल वाजायला लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची ओटी. बी विंगमधल्या मावशींचा मुलाच्या नोकरीचा नवस. एका काकूंनी तर अख्खा असोला नारळ आणला, सालासकट, "गावाकडचा आहे, सोललेला देवीला कशाला." ग्रुपच्या लिस्टमध्ये होतं तीन लिटर पाणी, टॉर्च, इलेक्ट्रॉल, पॉन्चो, जादा सॉक्स, आणि खाली ठळक अक्षरात 'अनावश्यक वजन टाळा'. जड वस्तू पाठीला चिकटवून मधोमध ठेवायच्या असतात म्हणे सॅकमध्ये. ठेवल्या. नारळाची शेंडी पाठीत कुठे टोचते हे त्या पॅकिंगच्या व्हिडिओवाल्याने एकदा अनुभवायला हवं. एक-दोन नारळ काढायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, "कोणाची ओटी काढणारेस, ते सांग." आता हे कसं ठरवणार? मग पॉन्चो काढला.

वजनकाट्यावर आधी सॅक घेऊन उभी राहिले, मग सॅकशिवाय. दोन्ही आकडे मी कोणाला सांगितले नाहीत.

रात्री साडेदहाला शिवाजीनगरला बस. लीडर म्हणजे विशी-बाविशीचा पोरगा, सॅक डिकीत टाकायला उचलली आणि तिथेच थांबला.

"ताई, टेंट आणलाय का? आपला वन डे आहे."

"नारळ आहेत."

"किती?"

"बिल्डिंग मोठी आहे रे आमची."

खिडकीची सीट मिळाली. बूट मऊ झाले होते, नखं कापलेली होती, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, एकूण तयारीत नाव ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात फोन. नवरा. "अगं, उद्या बाई येणार नाहीयेत म्हणे. भांड्यांचा साबण कुठे ठेवलायस?"

मी म्हटलं, हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये, घाट लागला वाटतं.

बस नाशिक फाट्याला उभी होती.